भुरीचा पाय

रोज संध्याकाळी सातच्या आसपास मी मागच्या खळ्यात, म्हणजे परसात, जाते आणि बदकं मोजते. एक दोन तीन चार पाच सहा. सहा झाली की खुराड्याचं दार लावायचं, कडी नीट बसली ना ते दोनदा बघायचं कारण आमच्याकडे मुंगूस आहे आणि त्याने सुरुवातीलाच दोन पिल्लं नेलीत, आणि मग घरात येऊन भाकरी टाकायच्या. हे मी जवळपास तीन वर्षं करत होते आणि मला मनापासून वाटायचं की माझं ह्या बदकांकडे पुरेपूर लक्ष आहे. सहा म्हणजे सहा. एकही कमी नाही म्हणजे सगळं ठीक.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली. आमच्याकडे खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण, लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, घरात सांजोऱ्या, आमरस, सगळं गजबजलेलं असतं. नणंदेची सात वर्षांची मुलगी झोक्यावर बसून दुपारभर बदकंच बघत होती. मी पाणी भरायला गेले तर म्हणाली, "मामी, ते एक बदक सारखं बसतंय बघ. चार पावलं चालतं आणि बसतं."

मी बघितलं. भुरी होती. बाकीची पाच डोलत डोलत टाकीकडे निघाली, त्यांची ती एकामागे एक जायची रीत असते ना, आणि भुरी सगळ्यात मागे, उजवा पाय टेकवायचा नाही, पंख थोडे उघडून तोल सांभाळायचा, एक उडी, दुसरी उडी, आणि मग गपकन पोटावर. थोडा वेळ बसून परत. टाकीपाशी पोचली तोवर बाकीच्यांचं पाणी पिऊन झालेलं आणि ती निघालेली, मग हिने पाणी न पिताच परत वळायचं कारण कळप चालला.

किती दिवस हे चाललं होतं कोण जाणे. मी रोज सहा मोजत होते आणि सहात ती होतीच की. हे मला फार लागलं, अजूनही आठवलं की लागतं.

आता ही बदकं आमच्याकडे आली कशी ते सांगते, कारण त्याचा ह्या पायाशी संबंध आहे. आमचं गाव अमळनेरजवळ, बोरी नदीच्या बाजूला. बदकं पाळायची आपल्याकडे तशी रीत नाही. कोंबड्या घरोघरी असायच्या. आमच्या जिजींकडे म्हणजे माझ्या सासूबाईंकडे पंधरा वीस गावठी कोंबड्या कायम असत, त्यांची अंडी विकून त्या स्वतःचा खर्च भागवायच्या, कोणाकडे हात पसरायच्या नाहीत. मग २००६ साल आलं. फेब्रुवारीत आपल्या नवापूरलाच देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत घरगुती कोंबड्यांमध्येही निघाला, आणि ते पांढरे झगे घातलेले लोक, तोंडाला मास्क, हातात पोती, हे टीव्हीवर सगळ्या गावाने बघितलं. आमचं गाव त्या घेऱ्यात नव्हतं. पण जिजींनी घाबरून दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या काढून टाकल्या, कारण तेव्हा माझा मुलगा नुकता पायावर उभा राहायला लागलेला आणि दिवसभर त्याच कोंबड्यांमागे फिरायचा. त्यांनी परत एकही पिल्लू घेतलं नाही. रिकामं खुराडं मात्र मोडू दिलं नाही.

तर खळं रिकामं. पुढे म्हैसही विकली. धाकट्या दिराचं लग्न ठरलं २०१९ला तेव्हा सगळे म्हणाले की मागे मांडव पडेल, पंगती बसतील, चिखल नको, तर गट्टू बसवून घेऊ. ते लाल पिवळे सिमेंटचे गट्टू असतात ना, ग्रामपंचायतीसमोर असतात तसले. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवले, निंबाच्या बुंध्याला तेवढं गोल आळं ठेवलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. झाडायला सोपं, धुवायला सोपं, पावसाळ्यात पायाला चिखल नाही.

तीन वर्षांनी ह्यांच्या नाशिककडच्या एका मित्राने बदकांची आठ पिल्लं दिली, खाकी कॅम्पबेल जातीची. ही जात मूळची इंग्लंडची. ग्लॉस्टरशायरमधल्या उली गावच्या अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. वर्षाला ३००च्या आसपास अंडी देऊ शकते म्हणून जगभर गेली, आपल्याकडे बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे तिथेही ही जात आहे. एका बाईने तिच्या घराच्या आवारात बसून असं काही केलं हे वाचलं तेव्हा मला खूप भारी वाटलं होतं. आठातली दोन मुंगसाने नेली, राहिली सहा, पाच माद्या आणि एक नर. नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस असतं त्यावरून तो ओळखायचा, आणि आवाजावरून, मादी कलकलाट करते, नराचा आवाज घसा बसल्यासारखा. जिजींनी ती पिल्लं बघितली, काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सोळा वर्षं बंद असलेलं खुराडं त्यांनी स्वतः झाडून काढलेलं.

भुरी त्यातली सगळ्यात फिकट रंगाची. मुलाने नाव ठेवलं.

तर आखाजीच्या त्या दुपारी मी तिला धरलं. बदकाला कधी पायाला धरून उचलू नये, कोंबडीसारखं, त्यांचे पाय शरीराच्या मानाने फार नाजूक असतात, पट्कन निखळतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, एक हात पोटाखाली, असं उचलायचं. मी टॉवेल टाकून उचललं, मांडीवर उलटं घेतलं, आणि पाय बघितला. पंज्याच्या तळाला, मधोमध, वाटाण्यापेक्षा मोठी गाठ. वर काळी कडक खपली. आजूबाजूला लाल, गरम. आणि दुसऱ्या पायालाही, तिथे लहान, खपली नाही पण कातडी खरखरीत झालेली.

नणंद म्हणाली काटा गेला असेल. शेजारचे नाना कुंपणावरूनच बघत होते, ते म्हणाले, "आते तिनं काय करशात वहिनी, कापी टाका." त्यात दुष्टावा काही नव्हता. पुढच्या आठवड्यात मी ज्या ज्या माणसाला सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी हेच सांगितलं, एका दवाखान्यात फोन केला तिथल्या माणसानेही हेच सांगितलं आणि वर म्हणाला की अहो दोनशे रुपयांचं बदक आणि पाचशेची औषधं, तुम्हीच हिशोब करा. मी हिशोब केला. हिशोब त्याचा बरोबर होता. पण ती माझ्या मांडीवर उलटी पडून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती, बदक समोरून बघत नाही, मान वाकडी करून एका डोळ्याने बघतं, आणि तिचा तो पाय माझ्या गट्टूंवर चालून चालून तसा झालेला होता हे तेव्हा मला माहीत नव्हतं तरीसुद्धा मला हिशोब करवेना. जिजी ओट्यावरून म्हणाल्या, "तिनामा अजून जीव शे ना." बस, विषय संपला.

शेवटी तालुक्याला एक ढोरांचे डॉक्टर मिळाले, म्हशी आणि बैल बघणारे, पण त्यांनी आधी पोल्ट्रीत काम केलेलं होतं. मी भुरीला टोपलीत घालून, वरून ओलं फडकं टाकून, सकाळी सातच्या आत नेलं कारण मे महिन्यात आमच्याकडे नऊनंतर बाहेर निघवत नाही, पारा ४५ला टेकलेला असतो. त्यांनी आधी पाय नाही बघितला. तिला जमिनीवर सोडलं आणि नुसतं चालताना बघितलं दोन मिनिटं. मग मला विचारायला लागले, खायला काय देता.

मला वाटलं हे काय विचारतायत, दुखतोय पाय आणि हे खाण्याचं. पण बदक लंगडायला लागलं की पहिला प्रश्न हाच असतो म्हणे. बदकांना नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं, पिल्लांना तर जवळपास दुप्पट, आणि लोक कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देतात किंवा नुसता मका देतात. मक्यात नायसिन असतं पण अशा रूपात बांधलेलं असतं की पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. मग पिल्लांचे पाय बाहेर वाकतात, गुडघ्यासारखा जो सांधा दिसतो तो सुजतो, आणि लहानपणी लक्षात आलं नाही तर ते पाय पुन्हा सरळ होत नाहीत. आम्ही मकाच देत होतो, मका आणि बाजरी आणि घरातलं उरलंसुरलं. भुरीचे सांधे ठीक निघाले, नशीब. पण डॉक्टरांनी नायसिनच्या गोळ्या पाण्यातून द्यायला सांगितल्या आणि थोडे शेंगदाणे कुटून, कारण शेंगदाण्यात ते भरपूर. मात्र शेंगदाणा असो, मका असो, पेंड असो, बुरशी लागलेली नको म्हणजे नको. हे त्यांनी तीनदा सांगितलं. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि बदकं त्याला इतर पक्ष्यांपेक्षाही फार लवकर बळी पडतात. ते विष सापडलंच मुळी १९६० साली इंग्लंडमध्ये, बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखावर टर्की मेले तेव्हा, आणि त्यात बदकाची पिल्लंही मेली होती. आमच्याकडे पावसाळ्यात कोठीतला मका हिरवट पडतो, वास येतो, तो आपण काय करतो, तर टाकवत नाही म्हणून ढोराकोंबड्यांना घालतो. मी घातलेला आहे. आता नाही घालत. आणि सरकीची ढेपही नाही, म्हशीच्या गव्हाणीतली सांडलेली ढेप पक्षी आवडीने टिपतात पण सरकीतलं गॉसिपॉल त्यांना चालत नाही, अंड्याचा बलकसुद्धा हिरवट काळपट पडतो.

मग त्यांनी पाय हातात घेतला आणि लगेच म्हणाले, बंबलफूट. आपल्या माणसांना कुरूप होतं ना तळव्याला, दिसायला तसंच, पण कुरपात जंतू नसतात आणि इथे असतात. तळव्याला बारीकशी चीर पडते, किंवा एकाच जागी सतत दाब येऊन कातडी मरते, तिथून स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू आत जातात आणि आत गाठ होते. आणि पक्ष्यांच्या अंगात पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही. तो घट्ट होतो, खव्यासारखा, आणि त्याचा आत खिळा बसतो. तो खिळा आपोआप निघत नाही. काही दिवसांनी हाडापर्यंत पोचला की मग खरंच काही करता येत नाही.

त्यांनी कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून तिचा पाय दहा पंधरा मिनिटं बुडवून ठेवायला लावला, मीच धरून बसले होते, आणि खपली मऊ झाल्यावर कडेकडेने सोडवून काढली. आतून तो पिवळसर खिळा निघाला, अख्खा, हरभऱ्याएवढा. मी मान वळवली नाही. मला वाटलं होतं मला बघवणार नाही, पण मी बघितलं, आणि त्या जागी जो खड्डा राहिला तो बघून मला कळलं की ही रोज ह्याच्यावर उभी राहत होती. बीटाडीन, गॉझ, वरून चिकटपट्टी बोटांच्या मधून काढून, कारण नाहीतर ती पडद्याच्या पायावर टिकत नाही. पाच दिवस अँटिबायोटिक. आणि हात धुवायचे, हातमोजे घालायचे, हे जंतू माणसालाही लागतात.

दुखण्यासाठी काही द्या म्हटलं, घरी म्हशीच्या वेळचं इंजेक्शन पडलंय. तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले फेकून द्या आधी. डायक्लोफेनॅक होतं ते. त्याच औषधाने आपल्याकडची गिधाडं संपली, मेलेल्या ढोरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंड निकामी व्हायचं, म्हणून २००६मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, दहा दहा वीस वीस, आम्ही पोरं लांबून बघायचो, ती कधी दिसेनाशी झाली ते मलाही कळलं नव्हतं. एका बदकाचा पाय घेऊन गेले होते आणि काय काय ऐकून आले.

निघताना त्यांनी विचारलं, "मागे जागा कशी आहे? त्यांना चालायला माती कुठंय?"

मी म्हटलं गट्टू आहेत, एकदम स्वच्छ असतं, मी रोज धुते.

ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली आणि पुढच्या म्हशीकडे गेले.

घरी आल्यावर मी जी चूक केली ती चांगल्या मनाने केली. मला वाटलं जखम आहे, पट्टी आहे, कोरडं पाहिजे, शांत पाहिजे, तर भुरीला घरातल्या कोठीच्या खोलीत ठेवलं, खाली कुटार, वर डालं, जवळ पाणी, दाणे, कुटलेले शेंगदाणे. थंडगार खोली, घरातली सगळ्यात गार खोली ती. आणि भुरीने खाणं सोडलं. पहिल्या रात्री ती ओरडत होती, सारखी, थांबून थांबून, आणि खळ्यातून बाकीची उत्तर देत होती. दुसऱ्या दिवशी तिने दाण्याला चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी ओरडणंही बंद, मान पाठीवर टाकून नुसती बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. पाय बघितला तर पाय सुधारत होता. लालपणा कमी, पट्टी कोरडी. पाय बरा होत होता आणि बदक मरत होतं.

जिजी म्हणाल्या तिला तिच्या माणसांत ठेव. "तिना माणसंमा" असंच म्हणाल्या.

पण नुसतं सोडून चालणार नव्हतं. कळपात लंगड्याला टोचतात, खायला पुढे येऊ देत नाहीत. आणि नर. हे जरा सांगायला हवं कारण कोणी सांगत नाही, लंगडी मादी पळू शकत नाही म्हणून नर पुन्हा पुन्हा तिच्याच पाठीवर चढतो, त्याच्या वजनाने पायाचं होत नव्हतं ते होतं. मी नंतर विचार केला की भुरीचं बिघडलं त्यात हाही भाग असणार, पाच माद्यांना एक नर हे प्रमाण तसं ठीक मानतात, पण एक आजारी पडली की सगळा भार तिच्यावर. म्हणून ह्यांनी खुराड्यातच मधोमध जाळी मारली. एका बाजूला पाच, एका बाजूला भुरी, मध्ये आरपार दिसणारी जाळी. आणि दुसऱ्या दिवशी त्या पाचांतली सगळ्यात गरीब मादी, जिला कधी कोणाला टोचताना मी बघितलं नाही, ती भुरीच्या बाजूला सोडली. तिचं नाव आम्ही ठेवलेलंच नव्हतं. ती गेली आणि भुरीच्या अंगाला अंग लावून बसली आणि तिच्या मानेची पिसं चोचीने सारखी करायला लागली. दहा मिनिटांत भुरी उठली आणि दाण्याच्या ताटलीपाशी गेली. एका पायावर उड्या मारत गेली. मी जाळीला धरून उभी होते आणि मला रडू आलं, मुलाला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला तर त्याला वाटलं घरात काही झालं.

दुसऱ्या मादीचं नाव तेव्हा ठेवलं. सोबत.

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी तेच. पाणी कोमट करायचं, कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या पाण्यासारखं, एप्सम सॉल्ट विरघळवायचं, भुरीला पाटीत उभं करायचं, पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी तिने ते सगळं पाणी माझ्या अंगावर उडवलं. आठव्या दिवशी मी पाटी आणली की ती स्वतः मान लांब करायची. पाय टिपून कोरडा, बीटाडीन, नवीन गॉझ, पट्टी. जखम कोरडी हवी आणि बदकाला पाणी हवं, ह्या दोन गोष्टी जमवणं हेच अवघड. बदकाला निदान आख्खी चोच, नाकपुड्यांसकट, बुडेल इतकं खोल पाणी पाहिजेच, नाहीतर त्यांचे डोळे आणि नाक घाणीने भरतात. म्हणून पितळी गुंडा ठेवला, तोंड अरुंद, मान जाते पण अंग जात नाही. उन्हात दुपारी भिजवलेलं पोतं जाळीवर टाकायचं. बदकाला घाम येत नाही, ते धापा टाकून आणि पायांतून, चोचीतून अंगातली उष्णता बाहेर सोडतं.

पायांतून. हे मी मोबाइलवर वाचत होते, दुपारी दोन वाजता, ओट्यावर बसून, आणि समोर खळं तापलेलं. उठले आणि अनवाणी गट्टूवर उतरले. चार पावलं. पाचवं पाऊल मला टाकता आलं नाही, परत ओट्यावर उडी मारली. मग पाणी सांडलेल्या जागी हात लावून बघितला, टाकीच्या भोवती जिथे ती दिवसभर असतात, तिथे वरून ओलं, गरम, शेवाळासारखं बुळबुळीत, मी सकाळी धुतलं होतं तरी, कारण विष्ठा पडते ती जिरायला खाली काहीच नाही. माती असती तर पाणी प्यायली असती. ह्या गट्टूवर टणक आणि खरखरीत आणि तापलेलं आणि ओलं आणि घाण, हे सगळं एकाच वेळी त्यांच्या पायाखाली, तीन वर्षं. काटा कुठला गेलेलाच नव्हता.

डॉक्टर का गप्प बसले ते मला तेव्हा कळलं.

मी संध्याकाळी बाकीच्या पाचांचे पाय बघितले, नरासकट. दोघांचे तळवे खरखरीत निघाले. सोबतच्या डाव्या पायाला लाल ठिपका.

ह्यांना सांगितलं की गट्टू काढायचे. साहजिक आहे, ते चिडले. चाळीस हजारांच्या वर गेले होते त्यात, दिराच्या लग्नाचे पैसे, आणि आता सहा बदकांसाठी उपटायचे म्हणजे लोक काय म्हणतील वगैरे. मी भांडले नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांना म्हटलं चप्पल काढून टाकीपर्यंत जाऊन या. ते गेले नाहीत, पण चपलेकडे बघून थोडा वेळ थांबले. जिजी म्हणाल्या, "पहिले आठे माटीच व्हती." आधी इथे मातीच होती, एवढंच. बाईने ह्या खळ्यात चाळीस वर्षं शेण सारवलं, कोंबड्या पाळल्या, खुडूक बसवल्या, आणि गट्टू बसवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. हे सुद्धा मला तेव्हाच सुचलं, की ह्या सगळ्या गावभर आपण दारं, अंगणं, खळी अशी बंद करत चाललोय, पायाला माती लागू नये म्हणून, आणि ज्यांचे पाय मातीसाठीच आहेत त्यांना कुठे उतरायचं ते आपण बघतच नाही. चिमण्या धुळीत अंघोळ करायच्या आमच्या दारात. आता धूळ आहे कुठे.

रविवारी पहाटे साडेपाचला मला खणखण ऐकू आलं. हे पहार घेऊन निंबाखाली. एक गट्टू निघायला वेळ लागतो, पहिला निघाला की बाकीचे भराभर निघतात. निंबापासून टाकीपर्यंत दहा बाय बाराचा तुकडा काढला. खाली कच, त्याखाली मुरूम, आणि त्याखाली आमची जुनी काळी माती. इतकी घट्ट दबलेली की पहार लागली तर दगडासारखा आवाज, एक गांडूळ नाही, निंबाच्या मुळ्या तेवढ्या पांढऱ्या बारीक पसरलेल्या, पाणी शोधत असणार. जिजी काठी टेकत आल्या, वाकल्या, ढेकूळ उचललं, चुरगाळलं, वास घेतला.

शेतातली काळी माती आणून नुसती टाकली असती तर तीही चूक झाली असती, हे नानांनी सांगितलं, त्याच नानांनी. काळी माती ओली झाली की पायाला गोळे धरते, बदकाच्या पायाला तर एवढाले लाडू, त्याने पाय आणखी ओढले जातील. म्हणून पिवळी माती, त्यात बारीक मुरूम, वरून कुटाराचा थर, आणि टाकीखाली थोडा उतार ठेवून सांडलेलं पाणी निंबाच्या आळ्याकडे काढलं. एक निळा ड्रम उभा चिरून जमिनीत अर्धा पुरला. नानांनी दोन ट्रॉली पिवळी माती दिली आणि पैसे घेतले नाहीत.

भुरीची जखम भरली, आत गुलाबी कातडी आली, तेव्हा तिला पहिल्यांदा ड्रममध्ये सोडलं. स्वच्छ पाणी, पंधरा मिनिटं, रोज. पाण्यात वजन पायावर येत नाही, पाय मात्र चालत राहतो, माणसालाही ऑपरेशननंतर हेच सांगतात. पहिल्या दिवशी ती डाव्याच पायाने वल्हवत होती त्यामुळे जागच्या जागी गोल गोल फिरायची. मी बोटाने ढकलून सरळ करायचे, ती परत गोल. सहाव्या सातव्या दिवशी उजवा पाय हलायला लागला. जिजी ड्रमपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि ती सरळ गेली की टाळी वाजवायच्या, ह्या वयात, कोण बघतंय नाही बघतंय काही नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस आला. रात्रभर पडला. सकाळी दार उघडलं तर नेहमीसारखी ती सगळी सरळ टाकीकडे नाही गेली, त्या मातीच्या तुकड्यावर गेली आणि चोची खुपसायला लागली, चिखलात, डोळ्यांपर्यंत, एक विशिष्ट चळचळ आवाज येतो तेव्हा, आणि मागे टाकलेली भोकं भोकं. भुरी सगळ्यात शेवटी आली. जाळी काढून तेव्हा आठवडा झाला होता. गट्टूच्या कडेपर्यंत आली, थांबली, मान वाकडी करून खाली बघितलं, आणि उतरली. ती अजूनही लंगडते. डॉक्टर म्हणाले सांधा थोडा आखडला, तेवढं राहणार. अंडी ती तेव्हापासून महिन्याला चार पाचच देते. पण ती आता रांगेत मागे पडत नाही, कारण सोबत तिच्यासाठी थांबते आणि सोबत थांबली की मागची दोघं थांबतात.

उरलेले गट्टू तसेच आहेत, पुढच्या वर्षी बघू म्हणतात हे.

परवा रविवारी सगळ्यांचे पाय बघायचा दिवस होता, आता दर रविवारी बघते, एकेकाला टॉवेलात घेऊन. नर शेवटी हाताला लागला, तो कायम शेवटीच लागतो. डाव्या पायाचा तळवा अंगठ्याने दाबून बघितला तर त्याने पाय ओढून घेतला. उजेडात धरला. कडेला लाल, मधे अजून खपली नाही. जिजींनी ओट्यावरून विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, पाणी तापायला ठेवा जरा, कोमटच.